न झालेली बैठक

दोष तुमचा आहे. तुमचं नाव कुणाला ठाऊक नाही, कारण स्काउटांच्या बिल्ल्यांच्या त्या पुस्तकावर लिहिणाऱ्याचं नाव छापत नाहीत. पोहण्याचा बिल्ला हवा तर काठावर दोन माणसं दोर घेऊन उभी पाहिजेत, असं तुम्ही लिहिलंत. नावेचा हवा तर बुडू न देणारं जाकीट. कुऱ्हाड हातात घ्यायची तर चहूबाजूंना हातभर मोकळी जागा. आणि कुटुंबजीवनाच्या बिल्ल्याला? मुलाने घरच्यांची बैठक बोलवावी, घरावर ओढवलेल्या प्रसंगावर सर्वांनी मोकळेपणी बोलावं. बस, एवढंच. दोर नाही, जाकीट नाही, काठावर कुणी उभं नाही. कुठल्याशा उबदार कचेरीत बसून तुम्ही ही अट लिहिलीत आणि जेवायला गेलात. ती अट ओहायो नदीकाठच्या शेल्बी फेरीत, टॅकेटांच्या स्वयंपाकघरात दोन वर्षं मेल्यासारखी पडून होती. मार्चच्या त्या रविवारी ती उठून बसली.

चर्चहून येऊन जेवणं उरकली होती. वँडाने उरलेली तळलेली कोंबडी झाकली, मक्याच्या पावाचा चुरा तळहाताने गोळा केला आणि धाकट्या मुलाचा, एमेटचा, बिल्ल्यांचा पट्टा मांडीवर घेतला. एकविसावा, म्हणजे लागणाऱ्यांतला शेवटचा, बिल्ला तिरका शिवला गेला होता. तो उसवून ती पुन्हा शिवत होती. मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात स्काउटांच्या मंडळापुढे पोराची मुलाखत होती. ती पार पडली की 'गरुड'. त्याच्या वर स्काउटला दुसरी पायरी नाही. आणि गुरुवारी एमेटला अठरा पूर्ण होत होती. अठरानंतर एकही अट पुरी करता येत नाही. राहिलं ते राहिलं.

"मंडळात तीन तरी माणसं लागतात," तिचे वडील हॉलिस टेबलाच्या टोकाला खुर्ची ओढत म्हणाले. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्यांचा आवाज कागद गिरणीतल्या यंत्रावर मात करण्याइतका होता. गिरणी बंद पडली, आवाज राहिला. "मी एक. गार्लंड दुसरा. वँडा, तू तिसरी."

"आईला आत घेत नाहीत ना बाबा?"

"परवा नाही घेणार. आज घेतायत. ही रंगीत तालीम आहे. सुई ठेव खाली."

तिचा धाकटा भाऊ गार्लंड दात कोरत हसला. "मला मंडळात बसवताय? मी तर गरुडाच्या अलीकडच्या पायरीवर बसकण मारलेला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

"तू सोळाव्या वर्षी गाडी घेतलीस आणि गाडीत पोरगी बसवलीस. तिथेच तुझं स्काउट संपलं."

"पोरगी चांगली होती, बाबा. गाडी भंगार निघाली."

"आणि पोरगी पण गेली."

"गाडी बंद पडल्यावर ती काय ढकलत बसणार होती?"

वँडा हसली. या घरात हसायला आता गार्लंडच उरला होता. गिरणी बंद झाल्यापासून त्याच्या हाताला वर्षातून चार महिने काम असे आणि तोंडाला बारा महिने. एमेटचा बाप टेक्सासात पाइपलाइनवर गेला तो नाताळच्या कार्डापुरता उरलेला. तेव्हा पोराला जे काही घडवलं ते हॉलिसने. त्यांच्या बापाने, एझ्राने, गिरणीच्या पोरांचं पथक काढलं. हॉलिस त्यातले पहिले गरुड आणि पुढे तीस वर्षं पथकनायक. तळघरातल्या लाकडी फळीवर त्यांच्या नावाची पितळी पट्टी होती आणि त्या फळीवर टॅकेटांच्या घरातलं पुढचं नाव चढायचं राहून गेलं होतं. गार्लंडने बसकण मारली. वँडाच्या थोरल्याने, डस्टिनने, चौदाव्या वर्षी सदरा काढून फेकला. आता एमेट.

"बाहेर जा," हॉलिस नातवाला म्हणाले. "दार वाजव. आत ये म्हटल्यावर ये. बस म्हटल्यावर बस."

एमेट मागच्या दाराने पडवीत गेला. तीन थापा पडल्या. वँडाने मांडीवरचा पट्टा घट्ट धरला. त्या दारावर थाप पडली की हाताला येईल ते ती धरायचीच.

"आत ये!"

उंच, काटकुळा पोर. गळ्याला रुमाल, सदरा पँटमध्ये खोचलेला, केस पाण्याने बसवलेले. त्याने तिघांशीही हात मिळवला, आईशीसुद्धा. तिला तो हात थंडगार लागला.

"बस. स्काउटच्या बारा गुणांतला पहिला कुठला?"

"विश्वासू."

"तोच पहिला का?"

"बाकीचे अकरा त्याच्यावर उभे आहेत म्हणून."

हॉलिसने टेबलावर थाप मारली. "ऐकलंत? अस्संच सांग परवा. मंडळाच्या अध्यक्षाच्या, बाउमगार्डनरच्या, डोळ्यांत पाणी येईल. गार्लंड, विचार काहीतरी."

गार्लंडने घसा खाकरून न्यायाधीशाचा चेहरा केला. "तू समाजसेवेचं काम म्हणून चर्चच्या शिधाघराला पायऱ्या आणि कठडा बांधलास. आजवर किती जण पडले?"

"एकच. पाद्री."

"मग?"

"कठडा दोन बोटं वर घेतला. पाद्री काही बदलता आला नाही."

तिघंही हसले. वँडाला वाटलं, जमलं. देवा, एवढं एक पदरात पडू दे.

"बरं, सगळ्यात अवघड बिल्ला कुठला गेला?" गार्लंडने विचारलं.

एमेटने गळ्याचा रुमाल नीट केला. "कुटुंबजीवन."

"पोहणं म्हण," हॉलिस लगेच म्हणाले. "पोहणं सगळ्यांना पटतं."

"पोहता येतं मला, आजोबा."

"मग गिर्यारोहण म्हण. कुटुंबजीवन म्हटलंस तर ते खोलात शिरतात. घरकाम काय केलंस, बैठकीत काय बोललात..."

"बैठक झालीच नाही."

हॉलिसने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बिल्ल्याच्या निळ्या कार्डावर झालीय," ते म्हणाले. "माझी सही आहे."

"हो. तुमची सही आहे. बैठक नाही."

गार्लंडने दातकोरणी तोंडातून काढली. "थांबा. मला कुणी सांगेल का? कसली बैठक?"

"या बिल्ल्याला घरच्यांना एकत्र बसवून बोलावं लागतं, मामा. घरावर जे संकट आलं असेल त्याबद्दल. माझं बाकी सगळं झालं होतं. नव्वद दिवसांचं घरकाम लिहून ठेवलं होतं. बैठक तेवढी राहिली होती, आणि ऑक्टोबरात डस्टिन गेला. नोव्हेंबरात आजोबांनी कार्ड माझ्या हातात दिलं. सही करून."

"पुढे काय म्हणालो मी, ते पण सांग."

"म्हणालात, या घराने पुष्कळ भोगलंय, तुझ्या आईला आता कुणी काही विचारायचं नाही."

वँडाने मान वर केली नाही. तिला हे ठाऊक नव्हतं. दोन वर्षं तिने तो बिल्ला बाकीच्यांसारखाच धुतला, इस्त्री केला. तो आपल्यावर टाकलेलं पांघरूण आहे, हे तिला आज कळलं.

"मी पण घेतलं ते," एमेट म्हणाला. "गप्प बसून घेतलं. आजोबांनी फसवलं, असं मी म्हणणार नाही."

"फसवलं?" हॉलिसच्या मानेच्या शिरा तटतटल्या. "तीस वर्षं पोरं वाढवली मी या गावातली! किती जणांचे बाप दारू पिऊन पडलेले असायचे! त्यांना मी विचारलं का, बाळा, बैठक घेतलीस का, वृत्तांत दाखव? माणूस बघून सही करावी लागते."

"मग परवा मंडळाने विचारलं तर?"

"झाली म्हणून सांग! कोण येणार आहे बघायला?"

"आत्ताच तुम्ही टेबलावर हात आपटलात, आजोबा. विश्वासूवर."

गार्लंडने शीळ घातली. बापाने त्याच्याकडे असं पाहिलं की शीळ अर्ध्यावर तुटली.

"एमेट, माझं ऐक," वँडा म्हणाली. आपण बापाच्या बाजूने बोलणार आहोत हे तिला तोंड उघडण्याआधीच कळलं होतं. "अर्ज वर पोचलाय. तुझ्या शिक्षकांची, पाद्रींची पत्रं गेलीत. आता हे काढलंस तर एकवीसचे वीस होतील. गरुड गेला. आणि आजोबांचं काय होईल? त्यांना पुन्हा कुणाच्या बिल्ल्यावर सही करू देणार नाहीत. ती फळी बघतोस ना तू?"

"म्हणूनच म्हणतोय, आई, आज घेऊ या. आत्ता. गुरुवारपर्यंत वेळ आहे माझ्याकडे. बैठक आज झाली की संध्याकाळी मी बाउमगार्डनर काकांना फोन करतो, कार्डावरची तारीख चुकलीय म्हणून सांगतो, खरी तारीख घालतो. मुलाखत पुढे ढकलतील तर ढकलतील. ती अठरानंतरही चालते. अट तेवढी आधी हवी."

त्याने सगळा विचार करून ठेवला होता. शिसपेन्सिलीला टोक केलेलं होतं, वहीचं पान आखलेलं होतं. वँडाला ते पान दिसलं आणि तिने मांडीवरचा पट्टा घडी घालून बाजूला ठेवला.

"बैठकच हवी ना?" गार्लंड म्हणाला. "मग घ्या की, बाबा. विषय घ्या छपराचा. छप्पर गळतंय, ते पण संकटच."

"गार्लंडने पहिल्यांदा शहाणपण सांगितलं," हॉलिस म्हणाले. "छप्पर. लिही."

"छपराची नाही घेणार मी," एमेट म्हणाला.

गार्लंडने भाच्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "नाही," तो बापाला म्हणाला. "छप्पर मागे घेतो मी. पोर बरोबर बोलतंय. दोन वर्षं झाली, या घरात डस्टिनचं नाव काढलं की कुणीतरी उठून भांडी घासायला जातं."

खरंच होतं ते. कारण वँडा त्या क्षणी उठून भांडी घासायला गेली होती.

नळाखाली हात धरून ती उभी राहिली. डस्टिन वीस वर्षांचा असताना कामावर एका छपरावरून पडला, पाठीचा मणका दुखावला. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात डॉक्टरने हात न लावता दुखण्यावरच्या, अफूच्या जातीच्या, महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या. मग पुढच्या महिन्याच्या. त्या दवाखान्यापुढे तीन राज्यांच्या गाड्या रांगेत उभ्या असत, आणि सरकारला ती रांग चार वर्षं दिसली नाही. एक दिवस दवाखान्याला टाळं लागलं. पोराच्या अंगातल्या भुकेला कोण टाळं लावणार? वृद्धाश्रमात माणसं उचलून उचलून वँडाचीही पाठ गेली होती, तिलाही त्याच गोळ्या होत्या. बाहेरचं विष घेण्यापेक्षा घरातलं बरं, असं स्वतःला समजावून तिने आपल्या त्याला दिल्या. सात महिने दिल्या. मग तिच्याही बंद झाल्या. मग गोळ्यांपायी त्याच्या हातून तिचं शिवणयंत्र घरातून गेलं, तिच्या आईची अंगठी गेली. हॉलिस म्हणाले, यापुढे आला तर दार उघडू नकोस. उघडलंस तर तूच त्याला मारशील.

तो आला. शनिवार होता, दुपार होती, एमेट पथकाबरोबर जंगलात मुक्कामाला गेला होता. वँडाने साखळी लावली आणि दाराला पाठ लावून फरशीवर बसली. संध्याकाळी डस्टिन किराणा दुकानामागे आपल्या गाडीत मेलेला सापडला. चर्चमध्ये सांगितलं, हृदय बंद पडलं. बाविसाव्या वर्षी हृदय कसं बंद पडतं, असं विचारायची शेल्बी फेरीत रीत नव्हती. दर तिसऱ्या घरात तसंच बंद पडलं होतं.

हॉलिस तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. नळ त्यांनी मोठा सोडला.

"डोकं दुखतंय म्हण आणि वर जाऊन पड," ते हळूच म्हणाले. "पोराला मी बघतो."

"काय बघाल?"

"समजावीन. नाहीच ऐकलं तर गरुड गेला, चुलीत गेला. पण तू त्या टेबलावर बसायचं नाहीस."

तिने बापाच्या हातांकडे पाहिलं. म्हातारे, गिरणीत दोन पेरं गमावलेले हात. याच माणसाने तिला दार लावायला सांगितलं आणि हाच माणूस आजवर तिच्यापुढे दार होऊन उभा राहिला. त्याच्यावर रागवावं की त्याच्या गळ्यात पडावं, हे दोन वर्षांत तिला ठरवता आलं नव्हतं.

"बाबा, मी वर गेले तर तो मंगळवारी काय करेल?"

"खोटं बोलेल. किंवा हरेल."

"खोटं बोलला तर कायमचं बोलेल. माझ्याकडे बघा जरा. वृद्धाश्रमात रोज कुणीतरी म्हणतं, बिच्चारा, हृदय गेलं ना गं त्याचं? आणि मी रोज हो म्हणते. दोन वर्षं रोज. तेच या पोराने करायचं?"

"वँडा, तो विचारेल."

"कळतंय मला."

तिने नळ बंद केला, हात ॲप्रनला पुसले आणि परत येऊन खुर्चीवर बसली. गार्लंडने तिच्याजवळ खुर्ची सरकवली. हॉलिस नळापाशीच उभे राहिले.

"घे बैठक," ती म्हणाली.

एमेटने वहीत तारीख घातली. हजर असलेल्यांची नावं लिहिली. अक्षर सरळ होतं. "नियम सांगतो. प्रत्येकाने आपल्या पाळीला बोलायचं. मध्ये कुणी तोडायचं नाही. बैठक संपेपर्यंत उठायचं नाही. आजोबा, बसा."

"मी उभा बरा."

"बसा ना, आजोबा. हजर लिहिलंय तुम्हाला."

ते बसले. इतके जड बसले की खुर्ची करकरली.

"पहिली पाळी मामाची."

"माझी?" गार्लंडने टेबलाच्या कडेवर नख ओढलं. मस्करी सापडते का ते चाचपलं, सापडली नाही. "मी... तो गेला त्याच्या आधल्या आठवड्यात माझ्याकडे आला होता. चाळीस डॉलर मागितले. मी म्हटलं, चल, त्यापेक्षा हॅम्बर्गर खाऊ. खाल्ला त्याने. अर्धाच. मग म्हणाला, मामा, तुझं बरंय, तू सगळ्याला हसतोस. बस. एवढंच. लिहून घे."

एमेटने लिहून घेतलं. पेन्सिलीचा आवाज ऐकवत नव्हता.

"आता माझी," तो म्हणाला. "शिधाघराच्या पायऱ्यांचं काम चाललं होतं तेव्हा आपल्या मागच्या घरातल्या प्रेटरबाई रोज कॉफी घेऊन यायच्या. एक दिवस म्हणाल्या, तुझ्या भावाला मी शेवटचं बघितलं ते तुमच्या मागच्या पायरीवर. मी म्हटलं, कधी? म्हणाल्या, त्याच शनिवारी. दोन तास बसला होता म्हणे. दार वाजवायचा, परत बसायचा. त्यांना वाटलं घरात कुणी नाही. म्हणून शेवटी त्या त्याला आपल्याकडे बोलवायला निघाल्या, तोवर तो गेला." त्याने पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. "मला तुम्ही सांगितलंत की तो त्या दिवशी घरी आलाच नाही. गाडीतच हृदय बंद पडलं. गोळ्यांचं मला माहीत होतं, आई. सगळ्या गावाला माहीत आहे. पण तो घरी आला होता, हे मला परक्या बाईने सांगावं?"

"दार मी लावलं होतं," हॉलिस म्हणाले.

वँडाने चमकून बापाकडे पाहिलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. नातवाच्या डोळ्याला डोळा भिडवून, ताठ बसले होते.

"मी घरात होतो. साखळी मी लावली. तुझी आई झोपली होती, रात्रपाळी करून आली होती, तिला काही माहीत नाही. मी त्याला आत घेतलं नाही. लिही. हॉलिस टॅकेटने दार लावलं. लिही आणि बैठक संपव."

एमेटने पेन्सिल उचलली. टोक कागदावर टेकलं, तिथेच राहिलं.

"त्या दुपारी अंगणात तुमची गाडी नव्हती, आजोबा. प्रेटरबाईंना मी विचारलं होतं. तुमची गाडी आली ती पोलिसांच्या मागून."

"म्हातारी आंधळी आहे!"

"तुम्ही परत सही करताय," पोर म्हणालं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "न झालेल्या गोष्टीवर परत सही करताय."

एकेक करून हॉलिसच्या चेहऱ्याच्या सगळ्या सुरकुत्या खाली आल्या. गार्लंडने हात लांबवून बापाच्या मनगटावर ठेवला. त्या दोघांनी एकमेकांना हात लावलेला वँडाने लहानपणापासून पाहिला नव्हता.

बाहेर नदीवरून कोळशाची बोट भोंगा देत गेली.

एमेटने वहीचं पान उलटलं. नव्या पानावर आईचं नाव लिहिलं. 'आई' लिहिलं नाही, पूर्ण नाव लिहिलं, मंडळापुढे लिहितात तसं. मग ते त्यालाच सहन झालं नसावं. त्याने पेन्सिल खाली ठेवली, गळ्याचा रुमाल सोडवून टेबलावर ठेवला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली. अठराला चार दिवस कमी असलेलं पोर एकदम दहा वर्षांचं दिसलं.

"गरुड मिळो न मिळो, आई. ते जाऊ दे. आता तुझी पाळी." त्याने तिचे दोन्ही हात धरले. "तू घरात होतीस. दोन तास तो दार वाजवत होता. तू ऐकत होतीस ना? तो काय म्हणत होता? आणि तू का नाही उघडलंस? आजोबांकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ आणि सांग."